भरती-ओहोटीचा तक्ता

सेक्रेटरीसाहेबाच्या छातीला मुंबईची दमट हवा सोसेना,
म्हणून डॉक्टरानं त्याला आमच्याकडं धाडलं,
आणि त्याच्यामागून कागदांची एक जस्ती पेटी आली.
अशा रीतीनं लाटसाहेबाची कोकणची समुद्रसफर
सोलापुरात ठरू लागली,
सात रस्त्यापाशी, कडुलिंबाखालच्या बंगल्यात,
जिथं माठसुद्धा तीन वाजेपर्यंत तळ दाखवतो.

मी रेवणसिद्ध हत्तुरे, नक्कलकारकून, पगार अठरा रुपये.
मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं,
आणि एकदा, सासुरवाडीला, पुरातली सीना.

मी लिहीत होतो:
हर्णै. बुधवार, चार वाजता. आगबोटीतून उतरणे.
तोफा किती, ते मागाहून कळेल.
हार शेवंतीचे नकोत, हुजूर शिंकतात.
मानपत्र चांदीच्या नळीत. नळी परत घ्यावी.
साहेब खोकला, रुमाल घडी केला,
म्हणाला, हत्तुरे, चार वाजता तिथं पाणी कुठं असेल?

पाणी कुठं असेल.
आमच्या जिल्ह्यात हे वर्षातले आठ महिने विचारतात,
पण असं नाही.

त्यानं तक्ता पुढं सरकवला.
समुद्र रोज पाऊण तास उशिरा येतो.
मी आलो तर चार आणे कापतात.
बुधवारी चारला ओहोटी,
म्हणजे पडाव चिखलात,
म्हणजे लाटसाहेबाचा बूट —
वाक्य त्यानं तिथंच सोडलं.
मी नकलेत रेघ तशीच ओढली.

पाण्यापासून कमानीपर्यंत तांबडी पायघडी हवी:
भरतीला चाळीस वार, ओहोटीला एकशे दहा.
पाच्छा पेठेत लिंबय्या मेरगू
मागाच्या खड्ड्यात कमरेइतका बसलेला.
"चाळीस का एकशे दहा? एक काय ते बोल की बे."
म्हटलं, समुद्र आटतो.
"सूत आटतंय, पहिल्या धुण्याला. मग थांबतंय.
ह्याची किती धुणी झाली?"
त्यानं बायकोला तेलुगूत सांगितलं.
ती कांड्या भरता भरता हसली, धागा तुटला,
मग दोघंही माझ्याकडं बघत राहिले
जणू तो मीच तोडला.

खारं पाणी रंग खाईल का, हे त्यालाच सुचलं.
सव्वा शेर मीठ आणलं, एक बादली.
किती खारट करायचं, तिघांनाही ठाऊक नव्हतं.
तिनं बोट बुडवून चाखलं:
आमटीहून जास्त, लोणच्याहून कमी.
हातभर नमुना रात्रभर भिजला.
सकाळी रंग होता तस्सा.

पायघडी विणून झाली त्या दिवशी तार आली,
दौरा रहित.
कारण दिलं नव्हतं. साहेब पेटी घेऊन मिरजेला गेला.
मागाहून हिशेबतपासणीचा शेरा आला:
'सदर जिल्ह्यास समुद्र नाही.
मीठ व बादली यांचे प्रयोजन कळत नाही. खुलासा करावा.'
खुलासा तीनदा लिहिला, तीनदा फाडला.
साडेसात आणे पगारातून गेले.

कापडाचे पैसे कुणी द्यायचे, हा कागद अजून फिरतोय.
लिंबय्यानं वाट पाहिली नाही.
गड्ड्याच्या जत्रेत टोपडी खपली, उशांचे अभ्रे खपले.
नमुना तेवढा त्याच्या दारावर आहे.
बादलीत पाणी जिथवर होतं तिथवर
वाळल्यावर पांढरी रेघ उठली, वाकडी.
सोलापूर जिल्ह्याचा एवढाच किनारा.
त्याचं धाकटं पोर येता-जाता चाटतं.

तक्ता मी परत केला नाही.
आज हर्णैला भरती पाच वाजून दहा मिनिटांनी.
कचेरी साडेपाचला सुटते.
मधली वीस मिनिटं
मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसतो.